कनेक्टिंग रॉड: घ्यावा कुठून, पारखावा कसा

स्विफ्ट डिझेलच्या एका सिलिंडरमध्ये चहाचे चार चमचे पाणी शिरलं, तर आतला पोलादी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हिशेब साधा आहे. इंजिन 1,248 सीसीचं आणि सिलिंडर चार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 312 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 17.6. पिस्टन टॉपला पोहोचला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम 19 सीसी असते. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाणी 19 मिलिलिटरच्या वर गेलं की पिस्टनला वर जायला वाव उरत नाही. खालून क्रँक मात्र त्याला रेटतच असतो, आणि या दोघांच्या मधे सापडतो तो रॉड. जुन्या मारुती 800चं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन याच हिशेबाने अंदाजे 35 मिलिलिटरपर्यंत तग धरायचं. डिझेलवाल्यांनी पाण्याला जास्त भ्यावं ते यामुळे.

26 जुलै 2005ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या गॅरेजवाल्यांना ‘हायड्रोलॉक’, म्हणजे पाण्याने पिस्टन अडणं, हा शब्द तोंडपाठ झाला तो त्या आठवड्यात. पुढे 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021च्या जुलैमध्ये चिपळूण. दर वेळी पाणी ओसरलं की इंजिनं खोलली जातात आणि गाडीमालकासमोर एकच प्रश्न येतो: रॉड गेलाय, नवा कुठून आणायचा? उत्तर बहुतेक वेळा मेकॅनिकवर सोडलं जातं. मला ते योग्य वाटत नाही. इंजिनाच्या आत एवढा भार सोसणारे भाग मोजकेच आहेत, आणि निवडीतली चूक इतकी महाग पडेल असे तर त्याहूनही कमी.

आधी वाकलेला रॉड ओळखायचा कसा, ते पाहू. गाडी पाण्यात बंद पडली, लोकांनी ढकलून बाहेर काढली, मेकॅनिकने प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी उडवलं आणि इंजिन सुरू झालं, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण रॉड मिलिमीटरभर वाकला असला तरी इंजिन चालतं. फक्त तो सिलिंडर दुबळा होतो. वरच्याच इंजिनात रॉड वाकून 1 मिलिमीटरने आखूड झाला, तर पिस्टन तेवढा खाली थांबतो, वरची जागा 19 सीसीवरून 22-23 सीसी होते आणि रेशो 17.6वरून 15च्या खाली येतो. सकाळी गार असताना तो सिलिंडर नीट पेटत नाही, पांढरा धूर येतो, गाडी थरथरते. हेड उतरवलं की आणखी दोन खुणा दिसतात. एक म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनचा जो पट्टा असतो, तो त्या एका सिलिंडरमध्ये इतरांपेक्षा रुंद किंवा दुहेरी दिसतो, कारण पिस्टनची रिंग आता पूर्वीइतकी वर जात नाही. दुसरी खूण डायल गेजवर कळते: प्रत्येक पिस्टन टॉपला आणून ब्लॉकच्या माथ्यापासून त्याची उंची मोजायची. तीन सारखे आणि एक खाली, म्हणजे निदान झालं. हे न करता गाडी तशीच चालवली तर काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी तो रॉड तुटतो, ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो, आणि मग रॉडचा शोध संपून अख्ख्या इंजिनाचा शोध सुरू होतो.

या रॉडवर भार किती येतो, याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. डिझेल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या घरात जाऊ शकतो. 69.6 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर हा दाब म्हणजे पावणेसहा टनांचा भार, आणि तो सगळा रॉडच्या दांड्यातून क्रँककडे जातो. हा झाला दाबणारा भार. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा त्याचं स्वतःचं वजन रॉडला ओढतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरलं, तर 4,500 आरपीएमला ही ओढ सहाशे किलोंच्या आसपास भरते. आरपीएम दुप्पट झाले की ओढ चौपट होते. रॉडचं खालचं टोक क्रँकभोवती मिटवणारी जी कॅप असते, तिला रॉडला धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांवर ही ओढ येते. हायवेवर 2,000 आरपीएमला एक तास गाडी चालली की प्रत्येक सिलिंडर साठ हजार वेळा पेटतो. दोन हजार तासांत बारा कोटी वेळा. धातूत कुठे सूक्ष्म ओरखडा असेल, तर एवढ्या फेऱ्यांत त्याची चीर व्हायला भरपूर अवकाश मिळतो.

म्हणून ‘रॉड प्रेसवर सरळ करून देतो’ हा सल्ला मानू नये, देणारा कितीही अनुभवी असला तरी. वाकलेलं पोलाद थंड असताना उलटं वाकवलं की दिसायला सरळ होतं, पण आत ताण साठून राहतो, मूळ लांबी शंभर टक्के परत येत नाही, आणि दोन्ही टोकांची भोकं एकमेकांना समांतर राहतील याची खात्री नसते. ट्रॅक्टरच्या किंवा शेतातल्या पंपाच्या संथ इंजिनात असा रॉड वर्षानुवर्षं चाललेला लोकांनी पाहिलेला असतो आणि त्या अनुभवावर हा सल्ला उभा असतो. मोटारीचं इंजिन त्याच्या दुपटीतिपटीने वेगात फिरतं.

आता बाजाराकडे वळू. उदाहरणादाखल स्विफ्ट डिझेलचं हेच 1.3 मल्टिजेट इंजिन घेतो, कारण त्याची गोष्ट बोलकी आहे. 2003मध्ये युरोपात आलेलं फियाटचं हे डिझेल इंजिन भारतात स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंटो, लिनिया अशा किती तरी गाड्यांत बसलं. मोटारींवर लिहिणारे त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. ते हरयाणात मानेसरला बनायचं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही. 1 एप्रिल 2020ला बीएस-6 लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि अजून बरीच वर्षं राहतील. इंजिनाचं उत्पादन थांबलं की त्याच्या सुट्या भागांचा बाजार हळूहळू बदलतो: कंपनीच्या काउंटरवर वाट पाहावी लागते आणि बाहेरच्या दुकानात वेगवेगळ्या नावांचे डबे दिसू लागतात. रॉड घ्यायला निघालेल्या माणसाला या डब्यांतून निवड करायची असते.

पण दुकानात जाण्याआधी पार्ट नंबर हातात हवा. ‘स्विफ्ट डिझेलचा रॉड द्या’ एवढ्यावर खरेदी करू नये. एकाच नावाच्या इंजिनात 75 आणि 90 अश्वशक्ती अशा दोन आवृत्त्या होत्या, आणि वर्षांगणिक बारीकसारीक बदल होत गेले. आरसी बुकातला सतरा अक्षरांचा चासी नंबर आणि इंजिन नंबर कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर दिला की संगणकावर नेमका नंबर निघतो. जुना नंबर बदलून नवा आला असेल तर तेही तिथेच कळतं. रॉड तुम्ही शेवटी कुठूनही घ्या, हा नंबर आधी लिहून घ्या. त्यासोबत जुन्या सरळ रॉडवरून चार मापं घ्या: दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, बिग एंडचा, म्हणजे क्रँककडच्या टोकाचा व्यास, स्मॉल एंडचा, म्हणजे पिस्टनकडच्या टोकाचा व्यास आणि बिग एंडची रुंदी. बऱ्याच डिझेल इंजिनांत स्मॉल एंड वरून निमुळता असतो, तो आकारही पाहून ठेवा. बेअरिंगची खाच कुठल्या बाजूला आहे, तेलाचं भोक आहे की नाही, पिस्टनची गजन पिन बुशमध्ये मोकळी फिरते की रॉडमध्ये घट्ट बसवलेली आहे, हे मोबाइलवर फोटो काढून ठेवलं तर दुकानदाराशी वाद होत नाही.

सगळ्यात सरळ वाट कंपनीच्या जेन्युइन पार्टची. महाग पडते, पण रॉडच्या बाबतीत मी आधी तीच चाचपून बघायला सांगेन. अधिकृत वितरकाकडे पार्ट नंबर दिला की माल गोदामात आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या गॅरेजला हे सोपं नव्हतं. कित्येक मोटार कंपन्या आपले सुटे भाग अधिकृत डीलरखेरीज कुणाला विकू देत नव्हत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014ला चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, एकूण 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजे, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं, पण ग्राहकाचा मुद्दा त्यातून पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. डिसेंबर 2022मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारींचा समावेश आहे. आपली गाडी कुठे दुरुस्त करायची हे ठरवण्याचा हक्क मालकाचा आहे, असं मला मनापासून वाटतं. तो हक्क पार्ट मिळाल्याखेरीज वापरता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे मूळ पुरवठादाराचा माल. मोटार कंपन्या रॉड बहुधा बाहेरून बनवून घेतात. पुण्यात मुंढव्याला 1961पासून असलेली भारत फोर्ज क्रँकशाफ्ट आणि रॉडच्या फोर्जिंगसाठी जगभर ओळखली जाते. बंगळूरची सनसेरा इंजिनिअरिंग ही रॉड बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. पण ‘कंपनीला देणाऱ्याचाच माल आहे, फक्त डबा वेगळा’ असं दुकानदार म्हणाला की सावध व्हा. रॉडचं ड्रॉइंग आणि डाय यांवर बहुधा मोटार कंपनीचा हक्क असतो. त्यावर बनलेला माल पुरवठादाराला स्वतःच्या नावाने विकता येईलच असं नाही. बेअरिंग, रिंगा, पिस्टन यांच्या बाबतीत मूळ पुरवठादार आपल्या नावाचा माल राजरोस विकतात, तशी रॉडमध्ये सरसकट स्थिती नाही. मग ‘मागच्या दाराने आलेला’ माल चांगला निघाला तर नशीब, आणि तपासात नापास होऊन बाजूला पडलेला निघाला तर? ही शंका मनात ठेवूनच त्या डब्याकडे पाहावं.

तिसरी वाट आहे स्वतंत्र कारखान्यांची, म्हणजे खऱ्या अर्थाने आफ्टरमार्केटची. राजकोट हे डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांचं फार जुनं गाव आहे. तिथले आणि उत्तरेतले कारखाने मूळ रॉडवरून मापं घेऊन रॉड बनवतात आणि परदेशीही पाठवतात. दिल्लीचं काश्मिरी गेट हा त्यांचा मोठा बाजार, आणि पुण्यातल्या नाना पेठेतल्या दुकानांतही हा माल मिळतो. इथे चांगला आणि टाकाऊ असा दोन्ही माल शेजारी शेजारी ठेवलेला असतो आणि त्यांच्या किमतींत फारसा फरकही नसतो. ‘लोकल’ म्हणून हा सगळाच माल झटकून टाकणं अन्यायाचं आहे. निव्वळ किंमत पाहून तो घेणंही तितकंच धोक्याचं. त्यातल्या त्यात चांगला कारखाना ओळखायची माझी कसोटी एवढीच की तो धातूची जात सांगतो का, बॅच नंबर टाकतो का, आणि तपासणीचा कागद मागितला तर देतो का. रॉड ईएन-24चा आहे की ईएन-19चा, की सी-70चा, हे कारखान्याला सांगता आलंच पाहिजे. ‘चांगल्या लोखंडाचा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

चौथी वाट कुर्ल्याची. सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांची इंजिनं सुटी होऊन मिळतात, आणि तिथून आणलेल्या जुन्या अस्सल रॉडवर किती तरी गाड्या चालतात. कंपनीचाच रॉड, म्हणजे धातूचा आणि मापाचा प्रश्न मिटला, असं वाटतं. पण ज्या गाडीतून तो निघाला, ती भंगारात का आली? पुरानंतर विमा कंपन्या बुडालेल्या गाड्या लिलावात काढतात, आणि त्यांचे भाग सुटे होऊन याच बाजारांत येतात. हायड्रोलॉकने गेलेल्या रॉडच्या जागी हायड्रोलॉक झालेल्या दुसऱ्या इंजिनाचाच रॉड बसण्याची शक्यता खरोखर आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतका वाक त्यात असू शकतो. म्हणून भंगारातून घ्यायचाच झाला तर अपघाताने मोडलेल्या गाडीतलं, शक्यतो न खोललेलं इंजिन पाहा, चारही रॉड त्याच इंजिनाचे त्यांच्या त्यांच्या कॅपसकट घ्या, आणि पुढे सांगितलेली तपासणी झाल्यावरच पैसे पक्के करा, असं बोलून ठेवा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

पाचवी वाट बहुतेकांनी घेऊ नये अशी आहे, पण तरुण मुलं तिच्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. रेसिंगसाठी खास बनवलेले रॉड मिळतात. कॅलिफोर्नियात फ्रेड कारिलो यांनी 1963मध्ये सुरू केलेल्या कंपनीने एच आकाराच्या छेदाचे रॉड शर्यतींच्या जगात रुजवले. आज 4340 जातीच्या पोलादाचे, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत ईएन-24चे, असे रॉड बऱ्याच कंपन्या विकतात. होंडाने 1990च्या एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड कारखान्यातूनच दिले होते. टर्बोचा दाब वाढवून इंजिनाची ताकद दीडपट-दुप्पट करणाऱ्याला अशा रॉडची गरज पडते. घरची डिझायर दुरुस्त करणाऱ्याला पडत नाही. मूळ रॉड मूळ ताकदीसाठी पुरेसा असतो. जास्त जड रॉड बसवला तर क्रँकचं संतुलन नव्याने करावं लागतं, आणि तो खर्च कुणी आधी सांगत नाही.

डबा हातात आला की आधी डब्याकडे पाहा. वेष्टनावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे कायद्याने हवंच. यातलं काही नसेल, किंवा कंपनीच्या नावाच्या डब्यावर पार्ट नंबर स्टिकरवर स्टिकर चिकटवून बदललेला असेल, तर तो डबा उघडायचीही गरज नाही. डबा ठीक वाटला तर रॉड उजेडात धरा. दांड्याच्या कडेला उभी रेघ दिसेल. रेघ रुंद, सपाट आणि घासून काढलेली असेल तर ती फोर्जिंगची आहे: दोन डाय मिटल्यावर बाहेर आलेला जादा माल कापल्याची ती खूण. अगदी बारीक, धाग्यासारखी रेघ दिसली तर रॉड ओतीव असण्याची शंका घ्या आणि विचारा. पावडर फोर्ज केलेल्या रॉडवर मात्र जादा माल जवळजवळ नसतोच, म्हणून रेघ नाही यावरून तो वाईट ठरत नाही. दांड्याचा पृष्ठभाग मॅट, एकसारखा खरखरीत असावा. ती शॉट पीनिंगची खूण. बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने वरचा थर दाबला जातो आणि चीर सहजासहजी सुरू होत नाही. चकचकीत पॉलिश केलेला रॉड दिसायला देखणा असतो, पण ग्राइंडरचे आडवे ओरखडे राहिले असतील तर प्रत्येक ओरखडा चिरेला आमंत्रण देतो. नखाला अडकेल असा आडवा ओरखडा दिसला तर रॉड परत करा.

मग कॅपचा जोड पाहा. 1990च्या दशकापासून रॉड बनवण्याची एक वेगळीच रीत रूढ झाली. आधी रॉड आणि कॅप एकत्रच फोर्ज करतात, बिग एंडचं भोक पाडतात, लेझरने आत दोन बारीक खाचा मारतात आणि आतून पाचर ठोकून कॅप चक्क तोडून वेगळी करतात. यासाठी सी-70 जातीचं, सुमारे 0.7 टक्के कार्बनचं पोलाद वापरतात. ते न ताणता, न वाकता एकदम फुटतं. फुटलेली दोन्ही तोंडं खडबडीत असतात आणि फक्त एकमेकांतच बसतात, कण न् कण जुळून. आजच्या बहुतेक गाड्यांत असेच रॉड आहेत. त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीही चालत नाही, फुटलेल्या तोंडावर कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही, आणि कॅप तोंडावर आपटली तर तो रॉड गेलाच म्हणून समजायचं. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात कॅपचं सपाट तोंड जरासं घासून, बिग एंडला पुन्हा बोअर मारून रॉड मापावर आणता यायचा. जुने मिस्त्री त्यात तरबेज होते. फोडलेल्या रॉडला ती विद्या लागू पडत नाही, आणि आफ्टरमार्केटच्या डब्यात सपाट तोंडाचा रॉड निघाला तर तो मूळ पद्धतीने बनलेला नाही, एवढं तरी कळतं. त्यात खुंटीची किंवा बाहीची मार्गदर्शक पिन आहे ना, म्हणजे कॅप दर वेळी नेमक्या त्याच जागी बसेल ना, हे पाहावं लागतं.

खरा निकाल मात्र दुकानात लागत नाही, मशीन शॉपच्या टेबलावर लागतो. जिथे क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंग होतं, अशा चांगल्या शॉपमध्ये रॉड मोजायची सोय असते. मिस्त्री आधी कॅप बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळतो, कारण न आवळलेल्या रॉडचं माप खोटं असतं. मग बोअर गेज बिग एंडमध्ये उभं, आडवं आणि तिरकं फिरवून तीन मापं घेतो. या तीन मापांत दहा-पंधरा मायक्रॉनपेक्षा जास्त फरक दिसला की चांगला मिस्त्री रॉड बाजूला ठेवतो. त्यानंतर बिग एंडमध्ये एक आणि स्मॉल एंडमध्ये एक अशा दोन अचूक घासलेल्या गोल दांड्या घालतो, खालची दांडी सरफेस प्लेटवरच्या व्ही-ब्लॉकवर ठेवतो आणि रॉड उभा करतो. वरच्या दांडीच्या दोन टोकांवर डायल फिरवला की काटा सांगतो: एक टोक वर, दुसरं खाली, म्हणजे रॉड वाकलेला. मग रॉड आडवा करून पुन्हा तेच. आता फरक दिसला तर तो पीळ. बऱ्याच मोटारींच्या मॅन्युअलमध्ये 100 मिलिमीटरला वाकाची मर्यादा 0.05 मिलिमीटर आणि पिळाची 0.10 मिलिमीटर दिलेली असते. हे सगळं व्हायला एका रॉडला काही मिनिटं लागतात. जुना रॉड असेल तर त्यावर चुंबकीय चाचणीही करून घ्यावी: रॉड चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक पूड ओततात, चीर असेल तिथे ती गोळा होते. एवढ्या तपासणीचा खर्च रॉडच्या किमतीपुढे नगण्य असतो आणि तरी नव्वद टक्के ठिकाणी ती वगळली जाते, असं एका मिस्त्रीने मला सांगितलं. आकडा त्यांच्या अंदाजाचा आहे, पण त्यांची खंत खरी वाटली. डब्यातून काढलेला नवा रॉडसुद्धा मोजल्याशिवाय ते बसवत नाहीत.

वजनाकडे सहसा दुर्लक्ष होतं. इंजिनातले रॉड एकमेकांशी जुळणारे हवेत, दोन-तीन ग्रॅमच्या आत. एकच रॉड बदलायचा असेल तर बाकीच्या तिघांचं वजन करून त्याला मिळताच घ्यायचा. नुसतं एकूण वजन जुळूनही भागत नाही. बिग एंडकडचा भाग फिरतो आणि स्मॉल एंडकडचा वरखाली होतो, म्हणून एक टोक टांगून दुसरं काट्यावर ठेवायचं आणि दोन्ही टोकांची वजनं वेगवेगळी जुळवायची. काही रॉडना त्यासाठी कॅपच्या तळाशी जादा माल ठेवलेला असतो, तो घासून वजन कमी करता येतं. पण माझं मत विचाराल तर बाजारातला रॉड घेताना चारचा सेटच घ्यावा, तोही एकाच बॅचचा. तीन जुने अस्सल आणि एक नवा दुसऱ्या कारखान्याचा, ही जोडगोळी क्वचितच जमते.

बोल्ट मात्र नवे आणि त्याच रॉडसाठीचेच हवेत. आधुनिक इंजिनांतले बरेचसे रॉड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते आधी ठरावीक टॉर्कला आवळतात आणि मग आणखी ठरावीक अंशांनी फिरवतात, म्हणजे बोल्ट कायमचा किंचित ताणला जातो आणि तो ताणच कॅपला दाबून धरतो. असा बोल्ट दुसऱ्यांदा वापरला तर तो आधीच ताणलेला असतो. रॉड तुटून ब्लॉक फुटला की दोष रॉडला दिला जातो, पण सुरुवात पुष्कळदा बोल्टापासून झालेली असते. नटबोल्टच्या दुकानातून ‘याच मापाचा हाय टेन्साइल’ घेऊन लावणं हा तर सरळ धोका आहे. बेअरिंगही नवेच, आणि क्रँक ग्राइंड केला असेल तर त्या अंडरसाइजचे. जुळवताना प्लास्टिगेजची मेणासारखी बारीक दोरी बेअरिंग आणि जर्नलच्या मधे ठेवून कॅप आवळतात. चपटी झालेल्या दोरीची रुंदी पट्टीवर मोजली की फट कळते, आणि ती मॅन्युअलशी ताडून पाहता येते.

विम्याबद्दल थोडं. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन बिघडणं हे बहुधा परिणामी नुकसान म्हणून नाकारलं जातं, विशेषतः पाण्यात सेल्फ मारला असेल तर. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम मिळतं. पावसाळ्यात तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. दावा केला असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत वाकलेले रॉड गॅरेजमधून हलू देऊ नका, आणि नव्यांच्या बिलावर पार्ट नंबर, बॅच आणि जीएसटी नंबर येईल असं पाहा. ‘इंजिन काम, एकरकमी’ असं लिहिलेल्या बिलावर उद्या रॉड तुटला तर कुणालाच जबाबदार धरता येत नाही.

इंजिन बांधून झालं की लगेच स्टार्ट करायचं नसतं. डिझेलचा पुरवठा तोडून, थांबत थांबत सेल्फ मारून आधी तेलाचा दिवा विझवायचा, म्हणजे तेल पंपातून क्रँकपर्यंत आणि क्रँकच्या भोकांतून प्रत्येक रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचलं. मग सुरू करून बेसुमार रेस न करता गरम करायचं. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलताना जुना फिल्टर फेकू नका. मेकॅनिकला तो कापायला सांगा आणि आतला कागद उन्हात उलगडून पाहा. थोडी बारीक काळी भुकटी असणारच, नव्या रिंगा बसताना ती निघते. तांबूस किंवा रुपेरी चकाकी दिसली तर ती बेअरिंगची आहे, आणि अशा वेळी गाडी एक किलोमीटरही पुढे न नेता ऑइल सम्प तिथेच उतरवायचा.